एकेचाळीसावा प्रवेश

पत्रिका मास्तरांनी स्वतः आणून दिली, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवली असती तर निदान म्हणता आलं असतं, की तोंड दाखवायची लाज वाटली. पण नाही. सकाळी दहा वाजता डिचोलीतल्या आमच्या घराच्या पायरीवर उभं राहून त्यांनी दोन्ही हातांनी पत्रिका पुढे केली आणि म्हणाले, "बाय, फुडल्या आयतारा सांजेच्या पांच वरांचेर. तूं येवंकच जाय." मी त्यांना बसायला कदेल दिली, चहा दिला, दोन उंडे, आमचे गोल पाव, गरम करून दिले. ते गेल्यावर पत्रिका उघडली. पुस्तक प्रकाशन, पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता. वर आमच्या नाट्यमंडळाच्या नाटकाचं नाव आणि खाली लेखक म्हणून मास्तरांचं नाव.

ते नाटक माझ्या बाबांचं आहे. त्या क्षणी मास्तर माझ्या मनात 'ते'चे 'तो' झाले. दिलेले उंडे परत मागता येत नाहीत, याचंच वाईट वाटलं.

बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. खनिज भरायचं, आमोण्याच्या जेटीवर न्यायचं, बार्जमध्ये ओतायचं, परत फिरायचं. जेटीवर गाड्यांची मैलभर रांग लागायची. बाकीचे ड्रायव्हर खाली उतरून पत्ते कुटायचे आणि बाबा स्टिअरिंगवर पुठ्ठा ठेवून नाटक लिहायचे. कागद म्हणजे ट्रिपच्या चिठ्ठ्यांची कोरी बाजू. एका चिठ्ठीवर एक प्रवेश. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, बाजारातल्या छापखान्यात डीटीपी करायचे. जेवणाच्या सुट्टीत त्या चिठ्ठ्या टाइप करायला घेतल्या, की खनिजाच्या धुळीने कीबोर्डसुद्धा लाल व्हायचा आणि मालक ओरडायचा.

नाटक जत्रेला उभं राहिलं, गाजलं, पुढे तीनचार वर्षं आजूबाजूच्या गावांतही झालं. जाहिरातीवर लेखकाचं नाव बाबांनीच घालू दिलं नाही. ड्रायव्हरचं नाटक म्हटलं तर लोक पहिल्या प्रवेशालाच उठून जातील, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे जाहिरातीवर होतं ते एकच नाव, दिग्दर्शकाचं. दिग्दर्शक म्हणजे मास्तर. शाळेत मराठी शिकवायचा. आमच्याकडे घरात कोंकणी आणि मंचावर मराठी, त्यामुळे मंचावर त्याचं राज्य. लोक धरून चालले, की नाटकही त्याचंच. बाबा हसायचे. बाबा गेले, बारावं झालं, आणि दुसऱ्याच दिवशी हा येऊन चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन गेला. "मंडळाकडे जपून दवरतां." आईने दिली. मी सासरी होते.

पत्रिका आली त्याच दिवशी दुपारी एका स्थानिक वाहिनीवर त्याची मुलाखत लागली. नवऱ्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. मास्तर सांगत होता, "या नाटकात प्रवेशांचे क्रमांक उलटे आहेत. नाटक एकेचाळीसाव्या प्रवेशाने उघडतं आणि दुसऱ्या प्रवेशाने संपतं. मधले काही क्रमांक गळालेले आहेत. माणसाचं आयुष्य पुढे जात नाही, ते ओसरत जातं, हे मला सुचवायचं होतं." मला सुचवायचं होतं! ते आकडे मी टाइप केले होते. एकेचाळीस, अडतीस, तेहेतीस, सत्तावीस. ते तसे का आहेत हे टाइप करताना मला कळलं नव्हतं, पण ते ह्याला सुचले नव्हते एवढं नक्की.

"जांव दी गो," नवरा म्हणाला. "नाटक छापून येता, तें थोडें?"

मी त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

माझ्याकडे एक गोष्ट होती. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने मला माझ्या कामाची सीडी दिली होती. तिच्यात नाटकाची फाइल होती, आणि त्या फाइलला मी माझ्या हौसेने एक मुखपृष्ठ केलं होतं. त्यावर बाबांचं नाव, मोठ्या टाइपात. ते पान मंडळासाठी कधी छापलंच नाही. आता ते छापायचं आणि रविवारी सगळ्या गावासमोर त्याच्या नाकासमोर धरायचं, एवढंच मला हवं होतं. हातात नऊ दिवस होते.

सीडी सापडली ती साड्यांच्या घडीत. संगणक घरात होता, लेक बंगळूरला नोकरीला गेली ती आपला जुना संगणक मेजावर ठेवून. सीडीचा खण उघडेना. त्याला एक बारीक भोक असतं, त्यात पिन खुपसून उघडला. फाइल दिसली, पण उघडेना. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती केली होती ते सीडीत होतं, तर ते नव्या सिस्टमवर चढेना. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, व्हर्च्युअल मशीन घाल. संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. त्यात जुनी सिस्टम टाक, मग तुझं सगळं जुनं चालेल." जुन्या सिस्टमची सीडीही त्याच पाकिटात होती, वर मालकाच्या हस्ताक्षरात तिचा नंबर.

व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर उतरवून घातलं. पोटातला संगणक सुरू करायला बटण दाबलं, तर सूचना आली, की प्रोसेसरमधली ती सोय बंद आहे. ती सोय उघडायची म्हणजे संगणक चालू होतानाच एक बटण दाबून त्याच्या मूळ सेटिंगमध्ये शिरायचं. ते बटण दाबायला जेमतेम दोन सेकंद मिळतात. दुधावर लक्ष ठेवावं तसं ठेवलं, तरी पाच वेळा उतू गेलं. सहाव्यांदा शिरले. सोय चालू केली. आणि बाहेर पडताना, आपलं काही चुकलं तर नको म्हणून, 'मूळ सेटिंग आणा' असं जे होतं तेही दाबलं. शहाणपणा.

संगणक सुरूच होईना. निळा पडदा यायचा, आपोआप बंद व्हायचा, परत निळा पडदा. मी समोर बसून बघत होते आणि मला त्या निळ्या पडद्यामागे मास्तर चहा पिताना दिसत होता.

नवऱ्याने बाजारातला दुरुस्तीवाला बोलावला. त्याने संगणक दोनदा सुरू केला, मान हलवली आणि म्हणाला, "फॉर्मॅट मारया." ह्या लोकांना सगळ्या आजारांवर तेवढंच एक औषध माहीत. फॉर्मॅट म्हणजे सगळं पुसणं. सीडीवर ओरखडे होते, ती परत वाचली जाईल की नाही याचा भरवसा नव्हता आणि फाइलची नक्कल मी संगणकातच ठेवली होती. मी त्याला म्हटलं, "हात लायशी तर बघ." तो घाबरून गेला. नवराही थोडा घाबरला.

मग मी शांत बसले. बाबा आमच्या नाटकांत प्रॉम्प्टरही असायचे, आणि तालमीला मी विंगेत त्यांच्या शेजारी बसायचे. नट अडखळला, भलतीकडे गेला, की नवे प्रॉम्प्टर घाबरून पुढचं वाक्य ओरडतात. बाबा म्हणायचे, "फुडलें सांगूं नाका. निमाणें बरोबर वाक्य खंयचें आसलें तें सोद. तें दी, तो आपसूक वाटेर येता." शेवटचं बरोबर वाक्य शोध. मी वही घेतली आणि आठवून आठवून लिहिलं, की मी काय काय बदललं. शेवटचं बरोबर वाक्य होतं 'सोय चालू केली'. त्यानंतरचं चुकीचं. म्हणजे 'मूळ सेटिंग'ने काहीतरी फिरवलं. परत आत शिरले, एकेक ओळ वाचत गेले. डिस्क कशी वाचायची याची एक ओळ होती, तिच्यात दोनच पर्याय होते. दुसरा निवडला आणि बाहेर पडले. संगणक सुरू झाला. पोटातली सोयही परत चालू केली, या वेळी बाकी कशाला बोट न लावता.

त्यानंतर मी एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची असा नियम केला. नियम मोडला तो दुसऱ्याच दिवशी. पोटातल्या संगणकाला किती मेमरी द्यायची असं विचारलं, तेव्हा मी हात सैल सोडला. घरच्या संगणकाकडे एकूण चार जीबी, त्यातली साडेतीन पाहुण्याला दिली. घरचा संगणक असा झाला, की बाण हलवला तर तो मनात आलं तेव्हा हलायचा. पाहुण्याची मेमरी अर्ध्यावर आणली, मग आणखी अर्ध्यावर. जुनी सिस्टम एवढ्याशा मेमरीत मजेत चालते. आम्हीही चालायचो.

मग इंटरनेट गेलं. नवरा दर तासाला खोलीच्या दारात येऊन म्हणायचा, "गो, नेट ना." व्हर्च्युअल मशीनने स्वतःसाठी एक खोटं नेटवर्क कार्ड घातलं होतं आणि घरचा संगणक खऱ्या वाटेने जायचं सोडून त्या खोट्या वाटेने जात होता. हे कळायला एक दिवस गेला. ते कार्ड बंद केलं, नेट आलं. मग माऊस पोटातल्या संगणकात शिरला तो बाहेर येईना. लेकीने फोनवर सांगितलं, की उजव्या बाजूचं कंट्रोल दाबलं की सुटतो. मी म्हटलं, मास्तरला आत कोंडून असं बटण हरवता येतं का? ती म्हणाली, आई, तू जरा झोप.

झोपत होतेच. पण स्वप्नातही त्याची फजिती चालू असायची. मी मुखपृष्ठ उंच धरते, तो चष्मा शोधतो, लोक हसतात. सकाळी उठायचे ती ताजीतवानी होऊन. रागाने माणूस खंगतो म्हणतात, मला तर त्या आठवड्यात भूक जास्त लागली.

सहाव्या दिवशी जुनी सिस्टम चढली, जुनं सॉफ्टवेअर चढलं, फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. नाटकाच्या जागी जणू कुणीतरी कीबोर्डवर बसलं होतं. मी मोठ्याने शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. मग डोक्यात आलं, की फॉन्ट. तेव्हाचं मराठी फॉन्टशिवाय दिसतच नाही. सीडीतल्या दुसऱ्या कप्प्यात फॉन्ट होते. घातले, फाइल परत उघडली.

अक्षरं आली. बाबांची वाक्यं, मी ठोकलेली. मुखपृष्ठावर बाबांचं नाव. मी पडद्याला हात लावला, आणि तेव्हाच पानाच्या बाहेर काहीतरी दिसलं.

जुन्या डीटीपीत पानाच्या चारी बाजूंना मोकळी जागा असते. मेजच समजा. त्यावर ठेवलेलं छपाईत येत नाही. मी तिथे दुरुस्त्या लिहून ठेवायचे, विसरू नये म्हणून. पहिल्या प्रवेशाच्या बाजूला, लहान टाइपात, बाबांची एक चिठ्ठी मी जशीच्या तशी उतरवून ठेवली होती.

"बाय, चिठ्ठीचेर वयर आंकडे आसात ते प्रवेशांचे न्हय. म्हजे फुडें कितल्यो गाड्यो आसात ते. ते काड."

एकेचाळीस गाड्या पुढे. मग अडतीस. मग तेहेतीस. बाबा रांगेत पुढे सरकत होते आणि प्रत्येक चिठ्ठीच्या माथ्यावर गाड्या मोजून आकडा टाकत होते, आणि मी, छापखान्यातली हुशार मुलगी, त्यांना प्रवेशांचे क्रमांक समजून ठळक टाइपात मधोमध बसवत होते. त्या महिन्यात माझं लग्न होतं. मंडळाने घाई केली, छापील प्रत नेली, ती दुरुस्ती तिथेच राहिली. मी ती साफ विसरले होते.

आधी मला रडू आलं. मग लगेच हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. आयुष्य ओसरत जातं! आता मला मुखपृष्ठाची गरज नव्हती. पडद्याचा फोटो काढला आणि बाजारात जाऊन मोठा छापून घेतला.

रविवारी पाच वाजता देवळाच्या सभामंडपात सगळा गाव होता. खाणी बंद झाल्यापासून घरी बसलेले जुने ड्रायव्हर मागच्या रांगेत नेहमीसारखे ऐसपैस बसले होते. पुस्तकं बांधून आली होती, तीनशे प्रती. मास्तर बोलला, शुद्ध मराठीत, अर्धा तास. कुणाला काही विचारायचं आहे का, असं निवेदकाने म्हटलं आणि मी उभी राहिले.

"मास्तर, नाटक एकेचाळीसाव्या प्रवेशाने का सुरू होतं, ते परत एकदा सांगाल?"

त्याने चष्मा सारखा केला. मग त्याने सांगितलं. उलटी मोजणी, ओसरणं, सगळं. मी पूर्ण ऐकून घेतलं. मग छापून आणलेला फोटो उंच धरून बाबांची चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि मागे वळून ड्रायव्हरांना विचारलं, "जेटीचेर आंकडो कोण घालतालो?"

"आमी सगळेच घालताले," एक म्हातारा ड्रायव्हर बसल्या जागेवरून ओरडला. "ना जाल्यार मदीं कोण घुसलो तें कळटलें कशें?"

सभामंडप हसला. साधंसुधं नव्हे, माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात मारून हसली. कुणीतरी "मास्तर, तुमची गाडी कितवी?" असं विचारलं आणि परत हसू उसळलं. मास्तर एक शब्द बोलला नाही. चष्मा काढून खिशात ठेवला आणि खाली बसला. मी घरी येताना इतकी हलकी झाले होते, की नवरा मागे राहिला.

मंडळाच्या समितीने ठरवलं, की पुस्तकं तशी वाटायची नाहीत, लेखकाच्या नावावर बाबांच्या नावाची पट्टी चिकटवायची. मी म्हटलं, पट्ट्या मी देते, पण चिकटवायच्या त्याने. आणि माझ्या घरी बसून, माझ्यासमोर. समितीला हे जास्त वाटलं. मला अगदी मापाचं वाटलं.

मंगळवारी सकाळी तो आला. पट्ट्या मी पोटातल्या संगणकात, त्याच जुन्या फॉन्टमध्ये केल्या होत्या. मेजावर गोंदाची वाटी, ब्रश, गठ्ठे. तो चिकटवत होता आणि मी समोर बसून बघत होते. चहा दिला नाही. वाकडी लागलेली पट्टी दिसली, की परत काढायला लावत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, बोटं गोंदाने माखली होती, ते मला दिसत होतं आणि चांगलं वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

दुपार झाली तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "बाय, आंकड्यांची गजाल म्हाका पयलींच खबर आसली."

मी एक वाकडी पट्टी त्याच्याकडे सरकवली.

"तुज्या बाबानच सांगिल्लें. पयल्या तालमीक सगळे विचारूंक लागले, हे आंकडे उरफाटे कित्याक. तुजें लग्न धा दिसांचेर. तो म्हाका कुशीक व्हरून म्हणालो, मास्तर, चलयेची चूक जाल्या, कोणे तिका हांसपाचें न्हय. तुमी कितेंय सांगात." त्याने पट्टीवरून बोट फिरवलं. "तेन्ना हांवें तें ओसरपाचें सोदून काडलें. मागीर तेंच सांगत रावलों."

"आनी नांव?" मी विचारलं. "तेंय बाबान सांगिल्लें?"

"ना," तो म्हणाला. "नांवाचें उत्तर म्हजेकडेन ना."

तो पुढच्या प्रतीला गोंद लावू लागला. रविवारी सगळा गाव हसला तो माझ्या चुकीला. लग्न दहा दिवसांवर आलेल्या मुलीला कुणी हसू नये म्हणून बाबांनी जे झाकायला सांगितलं होतं, ते मी स्वतः उभी राहून माईकशिवाय, खणखणीत आवाजात वाचलं होतं. त्याला एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. चष्मा खिशात ठेवण्याऐवजी एवढंच म्हणायचं होतं, की ते आकडे हिनेच टाइप केले. तो बोलला नाही. मला त्याचा आणखीनच राग आला. बाबांचं नाटक मी त्याच्याकडून परत आणलं होतं आणि आता हा माझ्या हातातून माझा सूडही घेऊन चालला होता.

पण नाव त्यानेच लावलं होतं. ते मी विसरणार नव्हते.

दोन गठ्ठे उरले होते. माझा हात आपोआप एका प्रतीकडे गेला, तो मी मागे घेतला. वाटीतला गोंद संपला होता. मी आत गेले, दुसरी बाटली आणली, आणि चहाचं आधण ठेवलं, साखर दोन चमचे. बाटली त्यांच्यापुढे ठेवली. मास्तरांनी पुढची प्रत उचलली.